आयजीच्या जिवावर: अमेरिकेतल्या काउंटी तुरुंगांचा ‘कल्याण निधी’ भरतो कोण?

कॅलिफोर्निया राज्याच्या दंडसंहितेत ४०२५ क्रमांकाचं एक कलम आहे. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या, तुरुंगात कैद्यांसाठी दुकान चालवायची परवानगी ते तुरुंग चालवणाऱ्या शेरीफला देतं. दुकानात काय विकायचं याची यादीही कलमातच दिलेली: गोळ्या-चॉकलेटं, तंबाखू, टपाल तिकिटं, लिहिण्याचं सामान, साबण-टूथपेस्ट. (ही यादी कुठल्या जमान्यात लिहिली, ते तंबाखूच्या वासावरून कळतं.) दुकानाचा नफा ‘इन्मेट वेल्फेअर फंड’ म्हणजे बंदी कल्याण निधीत जमा व्हायचा आणि तो कैद्यांचं हित, शिक्षण आणि कल्याण यांच्यासाठी खर्च करायचा, असा नियम.

मूळ मजकुरात ‘केवळ’ त्यांच्यासाठी असं होतं. १९९० च्या दशकात दुरुस्ती झाली आणि त्या जागी ‘प्रामुख्याने’ आलं.

एका शब्दाने काय होतं? ‘केवळ’ असताना तुरुंगाचं छत गळलं, तर दुरुस्तीचा खर्च काउंटीच्या तिजोरीतून करावा लागे. ‘प्रामुख्याने’ आल्यावर कल्याणासाठी ‘लागत नसलेली’ रक्कम इमारतीच्या देखभालीवर घालायची सोय झाली. आणि कल्याणाला किती लागतं, हे ठरवणार शेरीफच. लॉस एंजेलिस काउंटीत तर वर्षानुवर्षं धोरणच होतं: ५१ टक्के कार्यक्रमांना, ४९ टक्के देखभालीला. ‘प्रामुख्याने’ या शब्दाचा इतका काटेकोर अर्थ एखाद्या वैयाकरणालाही सुचला नसता. तो शब्द पुन्हा ‘केवळ’ करावा म्हणून राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोच्या विधिमंडळात विधेयकंही मांडली गेली.

पण खरा प्रश्न पैसा कुठे जातो एवढाच नाही, तो येतो कुठून हाही आहे. दुसऱ्या प्रश्नाकडे फार कमी लोक बघतात, म्हणून तिथे जरा जास्त वेळ थांबू.

जेल वेगळं, प्रिझन वेगळं

मराठीत दोन्हींना आपण तुरुंगच म्हणतो, त्यामुळे आधी हा घोळ निस्तरायला हवा. अमेरिकेत ‘प्रिझन’ राज्य सरकारचं किंवा केंद्राचं असतं. गुन्हा शाबीत होऊन मोठी शिक्षा झालेली माणसं तिथे जातात. ‘जेल’ काउंटीचं, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याच्या पातळीवरचं. नुकतेच पकडलेले, खटला सुरू असलेले आणि सहसा वर्षाच्या आतली शिक्षा झालेले लोक तिथे असतात. ते चालवतो शेरीफ. शेरीफ मुंबईलाही असतो, आपण त्याला नगरपाल म्हणतो, पण ते मानाचं पद. अमेरिकेतला शेरीफ मतं मागून निवडून येतो, स्वतःचं पोलीस दल बाळगतो आणि बहुतेक ठिकाणी तुरुंगाच्या किल्ल्याही त्याच्याच कमरेला असतात.

२०२२ च्या मध्याला देशभरच्या अशा जेलांमध्ये सुमारे ६ लाख ६३ हजार माणसं होती. त्यांतली ७० टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. (आपल्याकडे याबाबतीत नाक मुरडायला जागा नाही. त्याच वर्षी भारतातल्या तुरुंगांत कच्च्या कैद्यांचं प्रमाण ७५ टक्क्यांच्या वर होतं.) एका वेळी साडेसहा लाख असले, तरी वर्षभरातल्या दाखल होण्याच्या नोंदी ७० लाखांच्या वर जातात, कारण सरासरी मुक्काम महिन्याभराचा. धर्मशाळेसारखी सारखी ये-जा.

कच्चा कैदी आत का राहतो? बऱ्याचदा जामिनाचे पैसे नसतात म्हणून. एकाच आरोपाखाली दोघांना पकडलं, तर ज्याच्या खात्यात दोन-चार हजार डॉलर आहेत तो संध्याकाळी घरी जेवायला जातो. ज्याच्याकडे नाहीत तो आतच. म्हणजे जेलमध्ये उरणारी माणसं गरिबीच्या चाळणीतून गाळूनच उरलेली असतात. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा, कारण कल्याण निधीचं गिऱ्हाईक हेच आहे.

कॅलिफोर्नियात आणखी एक गोष्ट झाली. राज्याची प्रिझनं इतकी खच्चून भरली होती की २०११ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने गर्दी कमी करण्याचा आदेश कायम केला. त्याच वर्षी राज्याने कायदा बदलला आणि हिंसा, लैंगिक अत्याचार अशा गंभीर गुन्ह्यांत न मोडणारे बरेच शिक्षा झालेले लोक काउंट्यांकडे सोपवले. महिनाभराच्या मुक्कामासाठी बांधलेल्या जेलांत माणसं काही वर्षं राहू लागली. तिथे धड वर्गखोल्या नव्हत्या, पटांगण नव्हतं आणि शिकवायला माणसंही पुरेशी नव्हती.

करावंच लागतं ते आणि केलं तर बरं ते

अन्न, कपडे, अंथरूण आणि औषधपाणी देणं काउंटीवर बंधनकारक आहे. कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं घटनेविरुद्ध आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच सांगितलं. हे खर्च कल्याण निधीतून करू नयेत असं कलम ४०२५ म्हणतं. पण लगेच पुढे फट ठेवतं: कैद्यांच्या हिताचं आहे असं शेरीफला वाटलं, तर या बंधनकारक खर्चांना ‘जोड’ म्हणून निधी वापरता येईल. जोड कुठे संपते आणि मूळ खर्च कुठे सुरू होतो, यावर हिशेबनीस आणि वकील आयुष्यभर पोट भरू शकतात.

उरलेलं सगळं ‘केलं तर बरं’ या खात्यात जातं. जीईडीचे वर्ग त्यात येतात. जीईडी म्हणजे शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठीची परीक्षा. आपल्याकडे १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीला बसतात, साधारण तसं. त्याशिवाय व्यसनमुक्तीचं समुपदेशन, आई-बापांसाठी पालकत्वाचे वर्ग, रागावर ताबा ठेवायचं शिक्षण, वाचनालय, टीव्ही, बास्केटबॉल, ज्याच्या खात्यात एक डॉलरही नाही त्याला साबण-ब्रश-पाकिटांचा संच. काही काउंट्यांना तर सुटलेल्या गरीब माणसासाठी पहिले काही दिवस निधीतून खर्च करायची मुभाही दिली गेली: ओळखपत्र काढून देणं, काम शोधायला मदत, रात्रीच्या निवाऱ्याची सोय.

यातलं ओळखपत्र वाचताना किरकोळ वाटतं. पण पकडताना पाकीट हरवलेला माणूस सुटतो, तेव्हा त्याला ओळखपत्राशिवाय नोकरी मिळत नाही, खोली मिळत नाही. पंचवीस-तीस डॉलरचं काम अडून बसतं आणि त्यापायी माणूस पुन्हा जुन्या मित्रांच्या दारात जातो.

एकंदरीत सगळ्यात उपयोगाच्या गोष्टी ऐच्छिक खात्यात आहेत. आणि ऐच्छिक खात्याला काउंटीच्या अर्थसंकल्पात कुणी वाली नाही. १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर करून मालमत्ता कराला लगाम घातला, तेव्हापासून काउंट्यांच्या हातातला पैसा आवळलेला. रस्ता, दवाखाना आणि अग्निशमन यांच्या रांगेत कैद्यांचा गणिताचा वर्ग कितव्या नंबरवर येणार? काउंटीचा कारभार बघणाऱ्या पर्यवेक्षक मंडळावर निवडून आलेल्या माणसाला पुन्हा निवडून यायचं असतं.

म्हणून मग कल्याण निधी. करदात्याला तोशीस नाही, मंडळात वाद नाही. वर्षातून एकदा खर्चाचा तपशील मंडळापुढे ठेवला की झालं.

पहिला नळ: कॅन्टीन

निधीला दोन मोठे नळ. (तिसरा थेंब-थेंब गळणारा: कैद्यांनी बनवलेल्या हस्तकलेच्या वस्तूंच्या विक्रीतला दहावा हिस्सा. तो सोडून देऊ.)

पहिला नळ कॅन्टीनचा. जेलचं जेवण पोट भरण्यापुरतं असतं आणि रात्रीचं जेवण लवकर उरकतं. मग रात्री भूक लागली की नूडल्सचं पाकीट, कॉफी, बिस्किटं. पैसे कैद्याच्या खात्यातून वळते होतात, आणि खात्यात ते येतात घरून. आपल्याकडे घरचे येरवड्याला मनिऑर्डर करतात, तसंच. फरक एवढाच, की अमेरिकेत खात्यात पैसे टाकायलाही खासगी कंपनी आकार घेते.

सॅन फ्रान्सिस्को शहर आणि काउंटीने स्वतःच्याच जेलचे भाव तपासले, तेव्हा कॅन्टीनमधल्या वस्तूंवर सरासरी ४३ टक्के चढा भाव लावलेला आढळला. दुसरं दुकान नाही, बाहेर जाता येत नाही, घरून डबा येत नाही. अडला हरी.

दुसरा नळ: फोन

दुसरा नळ खरा मोठा. एसटीडी बूथ आठवत असेल, तर चित्र चटकन डोळ्यांपुढे येईल: काचेची केबिन, कानाला फोन आणि समोर लाल आकड्यांचा मीटर पळतोय. जेलचा फोन म्हणजे असा बूथ, फक्त गल्लीत दुसरा बूथ नाही.

धंदा कसा चालतो ते समजून घेण्यासारखं आहे. काउंटी फोनसेवेची निविदा काढते. सेक्युरस किंवा पूर्वी ग्लोबल टेल लिंक या नावाने चालणारी व्हायापाथ यांसारख्या कंपन्या बोली लावतात. एरवी निविदेत जो स्वस्तात देईल त्याला काम मिळतं. इथे उलटं. बिल भरणार कैद्याची आई, आणि कंपनी निवडणार शेरीफ. शेरीफला बिल भरायचं नाही, त्यामुळे दर किती हा त्याच्यासाठी दुय्यम प्रश्न. काउंटीला वाटा किती हा पहिला. मग जी कंपनी जास्त वाटा देईल तिला ठेका. या वाट्याला तिकडे ‘साइट कमिशन’ म्हणतात. महाराष्ट्रात याला एक खणखणीत शब्द आहे, टक्केवारी. फरक इतकाच, की ही टक्केवारी टेबलाखालून नाही, करारात छापून येते आणि कायद्याने थेट कल्याण निधीत जमा होते. लॉस एंजेलिसच्या एका करारात कंपनीने काउंटीला वर्षाला किमान दीड कोटी डॉलरची हमी दिली होती.

कंपनीही धर्मादाय नाही. जितका वाटा जास्त, तितका दर चढा. सॅन फ्रान्सिस्कोत बदल होण्यापूर्वी पंधरा मिनिटांच्या फोनला सुमारे २ डॉलर १० सेंट पडत. दिवसाला दोन फोन, एक वकिलासाठी धावपळ करणाऱ्या भावाला आणि एक पोरांना झोपण्याआधी, धरले तर महिन्याला १२६ डॉलर, वर्षाला दीड हजार. ज्या घरातला कमावता माणूस आत आहे, त्या घरातून.

हा पैसा वळून येतो कशावर? इतर गोष्टींबरोबर पालकत्वाच्या वर्गावरही. म्हणजे बापाने मुलाशी फोनवर बोलायचं, त्याचे पैसे आजीने भरायचे आणि त्या पैशातून बापाला शिकवायचं, की मुलांशी बोलत जा. आयजीच्या जिवावर बायजी उदार, अशी म्हण आपल्याकडे आहे. इथे तर उदार होणारी बायजी त्याच आयजीकडून टाळ्याही घेते.

याला आणखी एक खोड आहे, ती हिशेबाची. शिक्षकाचा पगार ठरलेला असतो, निधीची आवक मात्र आत किती डोकी आहेत यावर. तुरुंग भरलेला तर निधी भरलेला. जामिनाची पद्धत सुधारली, किरकोळ गुन्ह्यांसाठी आत टाकणं कमी केलं, की निधी आटतो आणि वर्ग बंद पडायची वेळ येते. कोव्हिडच्या पहिल्या लाटेत देशभरच्या जेलांतली संख्या साधारण ७ लाख ३४ हजारांवरून साडेपाच लाखांवर आली. माणसं बाहेर राहणं ही चांगली बातमी ज्या खात्यासाठी वाईट ठरते, त्या खात्याला ‘कल्याण’ म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

उलटा प्रकारही होतो. आवक चांगली असते, पण पैसा वापरलाच जात नाही, निधीत साठत राहतो. आत बसलेला माणूस महिन्याभराने जाणार, त्याच्या घरच्यांना असा काही निधी आहे याचा पत्ताही नसतो. तक्रार करणार कोण?

शेरीफचंही ऐकून घेऊ

एवढं वाचल्यावर शेरीफ खलनायक वाटू लागतो. काही असतातही. अलाबामात जुना कायदा असा होता की कैद्यांच्या जेवणासाठी मिळालेल्या पैशातून उरेल ते शेरीफने घरी न्यावं. तिथल्या एका शेरीफने तीन वर्षांत दोन लाख डॉलरच्या वर असे ‘वाचवले’. २००९ मध्ये फेडरल न्यायाधीशाने त्यालाच कोठडीत टाकलं. कुंपणच शेत खातं, ते असं.

पण सगळे तसे नाहीत आणि त्यांचा मुद्दा पोकळही नाही. ते म्हणतात: फोन फुकट करा, टक्केवारी बंद करा, हरकत नाही. पण जीईडीच्या शिक्षिकेचा पगार उद्या कोण देणार ते आज सांगा. पर्यवेक्षक मंडळ देणार आहे का? छोट्या काउंटीत, जिथे शंभरभर कैदी आणि एकच समुपदेशक असतो, तिथे हा प्रश्न अगदी खरा आहे. टक्केवारी बंद झाली आणि मंडळाने हात वर केले, तर कैद्याचा फोन स्वस्त होईल आणि वर्ग बंद पडेल. याशिवाय फोन ऐकण्या-नोंदवण्याची सुरक्षा यंत्रणाही फुकट येत नाही, असं त्यांचं म्हणणं असतं.

मला वाटतं हा युक्तिवाद कैद्यांकडून पैसे का घ्यावेत याचा नाहीच. मंडळाने का द्यावेत याचा आहे. तो शेरीफने मंडळापुढे जाऊन करायला हवा.

सॅन फ्रान्सिस्कोने काय केलं

न्यूयॉर्क शहराने २०१८ मध्ये कायदा केला आणि २०१९ च्या मे महिन्यापासून रायकर्स बेटावरच्या आणि शहराच्या इतर जेलांमधले फोन फुकट केले. शहराला त्यातून वर्षाला पन्नासेक लाख डॉलर मिळत होते, त्यांच्यावर पाणी सोडलं.

सॅन फ्रान्सिस्को एक पाऊल पुढे गेलं. २०१९ मध्ये घोषणा झाली, २०२० मध्ये अंमल: फोन फुकट, आणि कॅन्टीनच्या चढ्या भावातून काउंटीने नफा कमावणंही बंद. हे करणारी ती देशातली पहिली काउंटी. दोन्ही मिळून घरच्यांच्या खिशातून वर्षाला सुमारे १७ लाख डॉलर जात होते. ही रक्कम मोठी वाटते, पण त्याच शेरीफ खात्याचं वर्षाचं अंदाजपत्रक २० कोटी डॉलरच्या वर होतं. शंभर रुपयांतला एकही रुपया नाही. म्हणजे इतकी वर्षं घरोघरच्या आयांना पिळून काउंटीने जे मिळवलं, ते तिच्या लेखी दात कोरून पोट भरण्याचा प्रकार होता.

फोन फुकट झाल्यावर बोलण्याचा वेळ ८० टक्क्यांच्या आसपास वाढला. म्हणजे आधी पैशांपायी अर्धवट तोडलेली किती बोलणी असतील, याचा अंदाज करा. कार्यक्रमांचा खर्च शहराच्या सर्वसाधारण निधीकडे वळवावा लागला, आणि त्यासाठी महापौर, शेरीफ आणि मंडळ एकाच वेळी एकाच बाजूला असावे लागले. हा योग सगळीकडे जुळत नाही. तरी पुढे सॅन डिएगो काउंटीने २०२१ मध्ये आणि लॉस एंजेलिसने २०२३ च्या अखेरीस फोन मोफत केले. मॅसॅच्युसेट्सने त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून राज्याची प्रिझनं आणि काउंटीची जेलं दोन्ही यात घेतली. कॅलिफोर्नियाने २०२३ पासून राज्याच्या प्रिझनांमधले फोन फुकट केले, पण त्या कायद्यातून काउंटीची जेलं वगळली गेली.

वॉशिंग्टनमधली एक आजी

केंद्राच्या पातळीवरची लढाई एका आजीने सुरू केली. मार्था राइट, वॉशिंग्टन डीसीत राहणाऱ्या निवृत्त परिचारिका, डोळ्यांनी अधू. नातू तुरुंगात. पत्र वाचता येत नाही, त्यामुळे फोन हाच आधार, आणि फोनचं बिल औषधांच्या पैशांत भागीदार. २००३ साली त्यांनी आणि इतर कुटुंबांनी केंद्रीय दळणवळण आयोगाकडे दाद मागितली. आयोगाने दरांवर पहिली मर्यादा घातली २०१३ मध्ये: मिनिटाला २१ सेंट, आणि ज्याला फोन येतो त्याने पैसे भरायचे असतील तर २५ सेंट. दहा वर्षं लागली.

तीही फक्त एका राज्यातून दुसऱ्या राज्यात केलेल्या फोनसाठी. राज्यांतर्गत दरांना हात घालायचा अधिकार आयोगाला नाही, असं अपील न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. आता जेलमधला माणूस फोन कुठे करतो? त्याच शहरात, नाहीतर शेजारच्या. म्हणजे ज्यांना गरज होती त्या जेलच्या कैद्यांना या मर्यादेचा उपयोग जवळजवळ शून्य. राज्याराज्यांनी आपापलं काही केलं तरच सुटका. कॅलिफोर्नियात फोन-वीज अशा सेवांवर देखरेख करणाऱ्या आयोगाने २०२१ मध्ये मिनिटाला ७ सेंटची मर्यादा घातली, तशी.

२०२३ च्या जानेवारीत मार्था राइट यांच्या नावाचा कायदा झाला आणि आयोगाला तो अधिकार मिळाला. आजी तोवर गेल्या होत्या. २०२४ मध्ये आयोगाने मोठ्या जेलांसाठी मिनिटाला ६ सेंट, अगदी छोट्यांसाठी १२ सेंट अशी कमाल मर्यादा ठरवली आणि टक्केवारीवर बंदी घातली. २०२५ च्या जूनमध्ये आयोगानेच अंमलबजावणी २०२७ पर्यंत पुढे ढकलली.

शिक्षणासाठी दुसरा खिसा आहे

वर म्हटलं की शेरीफ विचारतो, शिक्षिकेचा पगार कोण देणार. गंमत अशी, की याचं एक उत्तर सॅन फ्रान्सिस्कोच्याच शेरीफ खात्याने २००३ मध्ये शोधून ठेवलं होतं. त्यांनी जेलच्या आत चक्क शाळा काढली: ‘फाइव्ह कीज’. प्रौढांच्या तुरुंगातली ही देशातली पहिली चार्टर हायस्कूल. चार्टर म्हणजे खासगी व्यवस्थापन पण सरकारी अनुदान. कॅलिफोर्नियात शाळांना अनुदान मुख्यत्वे हजेरीवर मिळतं. आत बसलेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या माणसाने वर्गात हजेरी लावली, की शिक्षण खात्याच्या पैशातून वर्ग चालतो. त्यासाठी नूडल्स महाग विकावे लागत नाहीत. फाइव्ह कीज नंतर इतर काउंट्यांतही गेली. समाज, कुटुंब, शिक्षण, व्यसनातून सुटका आणि रोजगार या त्या पाच किल्ल्या.

असे आणखी खिसे आहेत. प्रौढ शिक्षणाच्या केंद्रीय अनुदानातला २० टक्क्यांपर्यंतचा भाग राज्य सरकार तुरुंगांतल्या शिक्षणावर घालू शकतं. अपंगत्वामुळे विशेष शिक्षण घेत असलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा जेलमध्ये गेला, तरी त्याचा तो हक्क सहसा सुटत नाही. १९७० च्या दशकात सुरू झालेली ‘पेल’ शिष्यवृत्ती गरीब विद्यार्थ्यांची कॉलेजची फी भरते; १९९४ च्या गुन्हेगारीविरोधी कायद्याने ती प्रिझनमधल्या कैद्यांसाठी बंद केली आणि तिथली बहुतेक कॉलेजं गुंडाळली गेली. १ जुलै २०२३ पासून ती पुन्हा सुरू झाली.

इथे जेलची अडचण वेगळी. कॉलेजचं सत्र चार महिन्यांचं, आणि माणूस महिन्याभरात सुटणार, नाहीतर प्रिझनला हलवला जाणार. प्रवेश घेतला, दोन आठवडे वर्गात बसला आणि एका पहाटे नाव पुकारलं, ‘सामान बांध’. विषय अर्धवट, शिष्यवृत्तीचा तेवढा कोटा खर्ची. म्हणून जेलसाठी चार-सहा आठवड्यांचे, एकेक प्रमाणपत्र हातात देणारे छोटे अभ्यासक्रम जास्त उपयोगी पडतात, आणि नेमके तेच मोठ्या शिष्यवृत्त्यांच्या साच्यात बसत नाहीत. कल्याण निधीची खरी गरज या फटीत आहे.

शिक्षणाचा उपयोग होतो का, या प्रश्नावर रँड संस्थेचा २०१३ चा अभ्यास सगळेच पुढे करतात: आत शिक्षण घेतलेल्यांची पुन्हा तुरुंगात येण्याची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी दिसली, आणि शिक्षणावरच्या एका डॉलरमागे पुढच्या तीन वर्षांत तुरुंगखर्चाचे चार ते पाच डॉलर वाचतात असा हिशेब निघाला. अभ्यास मुख्यतः प्रिझनबद्दलचा आहे, जेलच्या महिनाभराच्या मुक्कामाला तो जसाच्या तसा लावू नये. पण दिशा कळते.

औषधोपचाराच्या बाबतीतही एक नवा खिसा उघडतोय. गरिबांचा सरकारी आरोग्य विमा, मेडिकेड, १९६५ पासून असा आहे की माणूस आत गेला की संरक्षण थांबतं. व्यसनमुक्तीचे उपचार त्यामुळे काउंटीच्या गळ्यात, आणि तिथून पुष्कळदा ‘जोड’ म्हणून कल्याण निधीकडे. २०२३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाला, देशात पहिल्यांदा, सुटकेच्या आधीच्या ९० दिवसांतले काही उपचार मेडिकेडमधून करण्याची परवानगी मिळाली. आता कच्च्या कैद्याच्या सुटकेची तारीख आधी कुणाला माहीत असते, हा प्रश्न आहेच.

नवा नळ

फोनचे दर खाली येऊ लागल्यापासून कंपन्या जेलमध्ये टॅबलेट, म्हणजे हातात धरायचे छोटे संगणक, वाटू लागल्या आहेत. फुकट. काउंटीला एक पैसा पडत नाही, उलट शिक्षणाचे धडे त्यात मोफत असतात, असं सांगितलं जातं, आणि बऱ्याच ठिकाणी ते असतातही. पैसे पडतात ते घरच्यांना संदेश पाठवायला, गाणी ऐकायला, सिनेमा बघायला. फोनच्या मिनिटाला मर्यादा घालणारे नियम या गाण्यांना आणि संदेशांना लागू होत नाहीत, आणि त्यातला वाटा काउंटीला द्यायची कलमं करारांत दिसू लागली आहेत.

म्हणून तुमच्या ओळखीचं कुणी अमेरिकेत राहत असेल आणि काउंटीच्या मंडळापुढे असा करार येणार असेल, तर पहिलं पान सोडून दरांचं परिशिष्ट उघडायला सांगा. २०१९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या प्रिझनांमध्ये असेच फुकट टॅबलेट आले. त्यांत हजारो पुस्तकं होती, प्रताधिकाराची मुदत संपलेली, इंटरनेटवर कुणालाही विनामूल्य मिळणारी. आत ती वाचण्याचा दर लावला होता मिनिटाला ३ सेंट. पुस्तकाला नाही, मिनिटाला. सराईत वाचणाऱ्याचं पान एका मिनिटात होतं. वयाच्या चाळिशीत नुकतं वाचायला शिकलेला माणूस बोट ठेवून, अडखळत वाचतो. त्याला तेच पान दहा मिनिटं पुरतं, आणि ३० सेंटला पडतं.